बाणाचं वजन आणि धनुष्याची ताकद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला सकाळच्या बॅचला मुलांना तिरंदाजी शिकवते. पालकांचे आणि मोठ्या मुलांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: बाण हलका घ्यायचा की जड? दरवेळी मैदानाच्या कडेला उभं राहून अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून इथे नीट लिहून ठेवतेय. जिथे आकडे दिले आहेत ते आमच्याकडच्या एका 40 पाउंडाच्या, म्हणजे पूर्ण ओढायला 40 पाउंड जोर लागणाऱ्या, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याचे आहेत. काही मोजलेले, काही त्यावरून गणिताने काढलेले. तुमच्या धनुष्याचे आकडे थोडे वेगळे येतील, पण कल तोच राहील.

ताई, डब्यावर ‘ग्रेन’ लिहिलंय. हे ग्रेन म्हणजे काय?

वजनाचं जुनं माप. 1 ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन. आपल्याकडच्या आजी-आजोबांना हे तोळ्यातून पटकन कळतं. 1 तोळा म्हणजे 180 ग्रेन, आणि तोळ्याच्या 96 गुंजा, म्हणून एक गुंज पावणेदोन ग्रेनपेक्षा किंचित जास्त. 309 ग्रेनचा बाण म्हणजे 20 ग्रॅम, साधारण पावणेदोन तोळे. जावयाच्या गोफाएवढा ऐवज आपण प्रत्येक वेळी हवेत सोडतो असं मी मुलांना सांगते. मग ते बाण जपून वेचतात.

वजन करायला स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, तो एकेक ग्रॅमच दाखवतो. मी पहिल्यांदा डझनभर बाण घेऊन दिवसाउजेडी सराफ्यात गेले होते. (रात्रीच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस मिळतो, काटा मिळत नाही.) एका पेढीवरच्या काकांनी काचेच्या पेटीतला काटा शून्यावर आणून एकेक बाण आडवा ठेवला आणि मिलिग्रॅमपर्यंत आकडे कागदावर उतरवून दिले. बाण लांब असल्याने पेटीचं दार बंद होईना, तर त्यांनी पंखा बंद केला. आता तसाच छोटा काटा आम्ही विकत घेतला आहे.

हलका बाण जोरात सुटतो. म्हणजे धनुष्याने त्याला जास्त ताकद दिली, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

धनुष्य ओढताना तुमच्या पाठीने आणि खांद्यांनी जे काम केलं ते लिम्बमध्ये, म्हणजे धनुष्याच्या वर-खालच्या लवचीक पात्यांत, साठतं. ही साठवण बाणावर अवलंबून नसते. भात्यातून कुठलाही बाण काढा, तेवढंच ओढलंत तर तेवढीच ऊर्जा साठते. सोडल्यावर मात्र तिचे दोन वाटेकरी असतात. एक बाण. दुसरी धनुष्याची स्वतःची हलणारी अंगं, म्हणजे लिम्बची टोकं आणि दोरी. बाणाला वेग द्यायचा तर आधी यांनाही धावावं लागतं.

गोफणीत हरभऱ्याएवढा खडा घालून फिरवून बघा. हात तेवढाच दमतो, पण बराचसा जोर गोफण आणि हात हलवण्यातच जातो. लिंबाएवढा दगड घातला की तोच जोर दगडासोबत निघून जातो. धनुष्याचंही तसंच आहे. हलका बाण वेगाने जातो खरा, पण साठलेल्या ऊर्जेतला लहान वाटा घेऊन जातो. जड बाण सावकाश जातो, पण मोठा वाटा नेतो. साठलेल्या ऊर्जेपैकी बाणाने किती नेली, ते प्रमाण म्हणजे धनुष्याची कार्यक्षमता.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी हे फार सोप्या रीतीने मांडलं. धनुष्याच्या हलणाऱ्या अंगांचा सगळा खर्च बाणाला चिकटलेल्या एका जास्तीच्या वजनासारखा धरायचा. त्याला म्हणायचं आभासी वस्तुमान. मग कार्यक्षमता म्हणजे बाणाचं वजन भागिले बाण अधिक आभासी वजन. आठवीतल्या मुलालाही हा हिशोब जमतो.

आकड्यांत सांगा ना.

आमच्या 40 पाउंडाच्या धनुष्यात पूर्ण ओढल्यावर सुमारे 48 जूल ऊर्जा साठते. त्याचं आभासी वजन 7 ग्रॅमच्या आसपास निघालं. यावरून:

16 ग्रॅमचा बाण (247 ग्रेन): वेग सेकंदाला 64.6 मीटर, बाणाकडे 33.4 जूल, कार्यक्षमता 70 टक्के.
20 ग्रॅमचा (309 ग्रेन): 59.6 मीटर, 35.6 जूल, 74 टक्के.
25 ग्रॅमचा (386 ग्रेन): 54.8 मीटर, 37.5 जूल, 78 टक्के.
30 ग्रॅमचा (463 ग्रेन): 50.9 मीटर, 38.9 जूल, 81 टक्के.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. 25 वरून 30 ग्रॅमवर गेल्यावर वेग जवळजवळ 4 मीटरने पडला, आणि ऊर्जा वाढली दीड जूलही नाही. वजन वाढवत गेलं की फायदा असा आटत जातो. उलट 20 वरून 16 वर आलात तर 2 जूल गमावता, आणि ते जूल धनुष्याच्या अंगातच राहतात.

हे सगळं तुम्ही मोजलं कसं? आम्हाला घरी मोजता येईल का?

येईल, आणि जरूर मोजा. माझ्याकडे वेगमापक यंत्र नाही.

साठलेली ऊर्जा मोजायला सामान तोलायचा लटकता डिजिटल काटा पुरतो. धनुष्य मुठीपाशी भिंतीतल्या भक्कम खुंटीला अडकवायचं, काट्याचा आकडा दोरीच्या मधोमध लावायचा आणि एकेक इंच ओढत किलोचे आकडे लिहायचे. दोघं लागतात, एक ओढणारा आणि एक टेप धरून वाचणारा. दोरीच्या मूळ जागेपासून तुमच्या पूर्ण ओढीपर्यंत सगळ्या आकड्यांची बेरीज करा. एक किलो जोराने एक इंच ओढणं म्हणजे जवळजवळ पाव जूल काम. म्हणून बेरजेला 4 ने भागलं की उत्तर आलं. आमची बेरीज 193 आली, म्हणजे 48 जूल. घसरून हात सुटला तर रिकामी दोरी सुटते, म्हणून हे काम मुलांवर सोपवू नका.

वेगासाठी मोबाइल. 18 मीटरवर निशाण ठेवायचं, फोन नेमबाजाच्या पायाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करायचा. आवाजाची नागमोडी रेघ दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये दोन उंचवटे दिसतात, दोरीचा ‘टण्’ आणि बाण रुतल्याचा ‘थप्’. आमच्या 20 ग्रॅमच्या बाणाला या दोन आवाजांमधला वेळ सरासरी 0.354 सेकंद आला. त्यातून ‘थप्’चा आवाज 18 मीटर परत यायला लागलेले 0.052 सेकंद वजा करायचे. राहिले 0.302 सेकंद. 18 भागिले 0.302 म्हणजे 59.6 मीटर. एका बाणावर विसंबू नका, दहा सोडा आणि सरासरी घ्या. दुपारी निवांत, रस्त्यावर गाड्या नसताना केलं तर रेघ स्वच्छ येते.

ज्या मुलाने हा हिशोब एकदा स्वतःच्या वहीत केला, त्याला पुढे बाणाच्या वजनावर काही समजावून सांगावं लागत नाही.

बाणाने नेली नाही ती ऊर्जा जाते कुठे?

धनुष्यातच राहते. लिम्ब थरथरतात, दोरी गुणगुणते, मुठीत झिणझिणी येते, स्टॅबिलायझरचं (तोल राखायला लावलेल्या दांडीचं) टोक हलत राहतं. थोडा भाग लिम्बच्या आत उष्णता होऊन संपतो. हलक्या बाणाला आवाज मोठा आणि कोरडा येतो, जड बाणाला बुजरा येतो. कान तयार झाला की नुसत्या आवाजावरून बाण बदललाय हे कळतं.

म्हणूनच रिकामी दोरी सोडू नका हे आम्ही पहिल्या दिवशी घोकून घेतो. रिकामी दोरी म्हणजे शून्य ग्रॅमचा बाण. सगळे 48 जूल धनुष्यालाच सोसावे लागतात. वरचंच गणित लावलं तर दोरीचा वेग 20 ग्रॅमच्या बाणाच्या वेळेपेक्षा जवळजवळ दुप्पट येतो आणि तिथून तिला अचानक थांबायचं असतं.

हे मी स्वतः भोगलंय. एका सकाळी बाण लावला, ओढला, क्लिकर (पूर्ण ओढ झाली की टिक् वाजणारी पट्टी) वाजला, सोडला, आणि बाण माझ्या पायाशी पडला. आवाज असा झाला की शेजारच्या रांगेतली मुलं धनुष्यं खाली ठेवून बघायला लागली. नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या दोरीत बसणाऱ्या खाचेच्या, एका पाकळीला केसाएवढी चीर होती, ओढताना ती फुटली आणि दोरीने बाण सोडून दिला. वरच्या लिम्बच्या टोकाशी, दोरीच्या खाचेखाली, अंगठ्याचं नख फिरवलं तर अडकत होतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तो लिम्ब मी पुन्हा वापरला नाही. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर नॉक दोन बोटांत दाबून बघायचा, पाकळी कुरकुरली तर तो बाण बाजूला ठेवायचा. हा नियम आमच्याकडे कुणालाही माफ नाही.

मग जितका जड तितका चांगला, असं धरायचं का?

असंही नाही. कार्यक्षमता ही धनुष्याची सोय आहे, नेमबाजाची सगळी गरज नव्हे. 70 मीटरवर बाण पोचेपर्यंत खाली येतो. हवेचा अडथळा सोडून हिशोब केला तर 16 ग्रॅमचा बाण 5.8 मीटर, 20 ग्रॅमचा 6.8 मीटर आणि 25 ग्रॅमचा 8 मीटर घसरतो. तेवढं वर धरून मारावं लागतं. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, खाली सरकवत सरकवत बाणाच्या रेषेत आली तर पुढे काही करता येत नाही.

उलट वाऱ्यात जड आणि बारीक बाण चांगला टिकतो. त्याचा वेग हवेत कमी घटतो आणि झुळुकीने तो कमी सरकतो. पावसाआधीच्या दिवसांत आपल्याकडे उघड्या मैदानावर जे वारं सुटतं त्यात हा फरक डोळ्यांना दिसतो. माझं मत विचाराल तर 70 मीटरला मधला बाण घ्यावा.

नक्की किती ग्रेन? एक आकडा द्या.

ग्रेनला धनुष्याच्या पाउंडांनी भागा. आमचा 309 ग्रेनचा बाण आणि 40 पाउंड, म्हणजे पाउंडाला 7.7 ग्रेन. रिकर्व्हसाठी 7 ते 9 च्या दरम्यान राहिलात तर धनुष्यही सुखात असतं आणि साइटही पुरते. लाकडी, पारंपरिक धनुष्याला 9-10 धरा. पाउंडाला 5 ग्रेनच्या खाली जाऊ नका. बहुतेक उत्पादक तीच खालची मर्यादा सांगतात, आणि त्याखाली लिम्ब तुटला तर हमी मिळत नाही.

पाउंड म्हणजे लिम्बवर छापलेले नव्हेत हेही ध्यानात ठेवा. छापलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. मुलगी 26 इंच ओढत असेल तर तिच्या बोटांवर तेवढे पाउंड येतच नाहीत. लटकत्या काट्यावर तिच्या ओढीला मोजा.

वजन आधी बघू की स्पाइन?

स्पाइन. नेहमी स्पाइन.

स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट (बाणाची नुसती काडी) ठेवून मध्ये 880 ग्रॅम वजन टांगायचं. 0.600 इंच वाकला तर तो 600 स्पाइनचा. म्हणजे आकडा मोठा तर बाण लवचीक. बोटांनी सोडलेला बाण रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागाला, वळसा घालत, माशासारखा वळवळत जातो. तो वळसा धनुष्याला जुळला नाही तर बाण डावी-उजवीकडे जातो आणि कुठलीही कार्यक्षमता तुम्हाला निशाणाच्या मधल्या पिवळ्यात नेऊ शकत नाही.

गुंता असा की वजन बदललं की ही वागणूकही बदलते. टोक जड केलं की बाण सुटताना जास्त लवचीक वागतो. शाफ्ट कापला की ताठ होतो. म्हणून ‘80 ग्रेनच्या टोकाऐवजी 120 चं लावून बघू’ हा प्रयोग वजनापुरता राहत नाही. पिसं नसलेला एक बाण 18 मीटरवरून पिसांच्या बाणांबरोबर मारून बघा. तो त्यांच्या घोळक्यात पडला तर जमलं.

एका संचातल्या बाणांच्या वजनात थोडा फरक असला तर चालतो का?

कुठल्या अंतरावर मारता त्यावर आहे. आमच्या धनुष्याच्या हिशोबाने 70 मीटरवर 1 ग्रॅमचा फरक बाणाला 25 सेंटिमीटर खाली-वर करतो. 3 ग्रेनचा, म्हणजे दीड गुंजेचा फरक 5 सेंटिमीटर. 122 सेंटिमीटरच्या फेसवर, म्हणजे निशाणाच्या कागदावर, दहा गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे मधून कडेपर्यंत 6. अगदी मधोमध जाणारा बाण कडेवर आला. पोरगं बिचारं स्वतःच्या हाताला दोष देत बसतं आणि दोष असतो एका बदललेल्या नॉकचा किंवा जास्त लावलेल्या डिंकाचा.

हाच 1 ग्रॅम 18 मीटरवर दीड-पावणेदोन सेंटिमीटर. नवशिक्याने त्याची काळजी करू नये.

प्रत्येक बाणावर नंबर घालून वहीत वजन लिहा. वारंवार वर जाणारा 7 नंबर कुठला, ते महिन्याभरात वहीच सांगते.

माझ्या दहा वर्षांच्या मुलाचा बाण 30 मीटरवर पोचतच नाही. पाउंड वाढवू का?

कृपा करून नाही. आधी बाण तोला. 18 पाउंडाच्या धनुष्यावर 230-240 ग्रेनचे बाण मी कितीदा पाहिलेत. पाउंडाला 13 ग्रेन झाले. धनुष्याची कार्यक्षमता उत्तम, पण त्या छोट्या हातांनी मुळात साठवलेलंच इतकं कमी असतं की जड बाण उचलला जात नाही. इथे वरचा सगळा सल्ला उलटा होतो. बारीक, हलका कार्बन शाफ्ट आणि हलकं टोक घ्या. 180 ग्रेनपर्यंत आणलं तरी पाउंडाला 10 होतात, धनुष्याला काही धोका नाही.

पाउंड वाढवले की मूल खांदा वर चढवून ओढायला लागतं, आणि ती सवय मोडायला दोन वर्षं लागतात. स्पर्धा येते-जाते. खांदा एकच आहे.

दोरी बदलली तर फरक पडतो?

पडतो. दोरीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा आभासी वजनात जमा होतो, कारण टोकाकडची दोरी बाण सुटताना जवळजवळ थांबलेली असते आणि मधली बाणाइतक्याच वेगात असते. म्हणून मधोमध गुंडाळलेला जाड दोरा आणि तिथे लावलेली कुठलीही शोभा जवळपास पूर्ण वजनाने भरावी लागते. एका मुलाने नॉकच्या जागेजवळ लोकरीचा गोंडा बांधला होता. तो वर सरकवून लिम्बच्या बाजूला नेला, तर साइटची खूण बदलली. कमी ताणणाऱ्या आधुनिक धाग्याची दोरी डेक्रॉन या जुन्या धाग्याच्या दोरीपेक्षा हलकी असते, पण जुन्या लाकडी धनुष्याच्या टोकांना तिचा झटका सोसत नाही. त्यांना डेक्रॉनच ठेवा.

कंपाउंडला हेच लागू आहे का?

हो. कंपाउंड धनुष्याच्या टोकांना कॅम नावाची चाकं असतात. कॅममुळे तेवढ्याच पाउंडांत जास्त ऊर्जा साठते आणि कार्यक्षमताही सहसा रिकर्व्हपेक्षा वरची असते, पण कॅमही फिरतात, त्यांनाही वाटा द्यावा लागतो. हलका बाण, लहान वाटा, हे तिथेही खरं. स्पर्धेत कंपाउंड 60 पाउंडांपर्यंतच चालतं, म्हणजे 300 ग्रेनच्या खाली जायचं कारण नाही. 2023 ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाल्यापासून इकडेही घरोघरी कंपाउंडची चौकशी होते. 50 मीटरवर 8 सेंटिमीटरच्या दहात सलग मारायचं असतं तिथे. वेगवान बाणापेक्षा दर वेळी तसाच जाणारा बाण कामाचा.

शिकारीचे व्हिडिओ बघतो, त्यात फार जड बाण वापरतात. आम्ही वापरू?

त्यांना बाण खोल रुतवायचा असतो, म्हणून ते संवेग (वजन गुणिले वेग) बघतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि आपल्या निशाणात खोल रुतलेला बाण काढताना शाफ्ट वाकतो एवढंच हाती लागतं.

झाबुआ-अलिराजपूरकडचे भिल्ल बांधव बांबूच्या कामठीने मारतात. त्यांचा बाण आपल्यापेक्षा जड का असतो?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. ती कामठी बांबूची, आणि परंपरेने तिची दोरीसुद्धा बांबूच्या सालीच्या चिवट पट्टीची. धाग्याच्या दोरीपेक्षा ती पट्टी जड, आणि कामठीची टोकंही आपल्या निमुळत्या लिम्बपेक्षा भारी. म्हणजे आभासी वजन मोठं. अशा धनुष्यावर आपला 16 ग्रॅमचा कार्बन बाण लावला तर अर्ध्याच्या आसपास ऊर्जा कामठीतच राहील आणि ती लवकर चिरेल. लोखंडी फाळाचा, वजनदार बाण तिला जुळतो आणि कामठी वर्षानुवर्षं टिकवतो. काट्याशिवाय, ग्रेनशिवाय, पिढ्यान् पिढ्या हाताने तोलून त्यांनी ही जोडी बसवली आहे.

होळीआधीच्या भगोरिया जत्रेच्या दिवसांत तिकडे गेलात आणि कुणी कामठी हातात घेऊ दिली, तर ओढण्याआधी बाण तळहातावर आडवा धरून बघा. तो टोकाकडे किती झुकतो ते बघा. आणि बाण लावल्याशिवाय दोरी सोडू नका.